भोगीच्या धुक्यातला स्पॉटर

१

अमरसिंहमामांची नोकरी एका शब्दाची होती. दर दहा-पंधरा सेकंदांनी वॉकीटॉकीचं बटण दाबायचं, घसा खाकरायचा आणि म्हणायचं, "दिसतोय."

दिसायचा तो ड्रोन, आणि तो उडवायची त्यांची भाची चित्रा. चेन्नईबाहेरच्या श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यांची छपरं एवढी लांबरुंद की माणूस चढवून तपासायची म्हटली तर चार दिवस जातात, आणि एखादा फुटका पत्रा माणसाला गिळतो ते वेगळंच. चित्रा तेच काम चाळीस मिनिटांत उरकायची. पण उडवणाऱ्याची मान सदा खाली, हातातल्या पडद्यात. म्हणून आभाळाकडे बघणारा दुसरा माणूस लागतो. त्याला म्हणतात स्पॉटर. ड्रोन कोणाच्या तरी उघड्या डोळ्यांना सतत दिसत राहिला पाहिजे असा नियमच आहे, आणि नियमांच्या बाबतीत चित्राचं सोवळं फार कडक.

त्याआधी मामा जॉर्ज टाउनमध्ये कागदाच्या एका दुकानात होते. ते दुकान बंद पडल्यावर घरी बसले. घरी म्हणजे तिरुवल्लिकेणीतल्या चहाच्या टपरीवर. तिथे त्यांच्या थापांना गिऱ्हाईक चांगलं होतं. एकदा म्हणे एका घारीनं चित्राचा ड्रोन पळवला आणि घरट्यात नेऊन ठेवला. महिनाभरानं सापडला तेव्हा घारीची पिल्लं पात्यांच्या वाऱ्याला एवढी सोकावली होती की ड्रोन काढून घेतल्यावर त्यांना उकाडा सोसेना. टपरीवरचे लोक हसायचे आणि मामांच्या चहाचे पैसे कोणीतरी देऊन टाकायचं.

एक गोष्ट मात्र मामांनी टपरीवर कधी सांगितली नाही. चित्रालाही नाही. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि डाव्या डोळ्याला समोरच्या बसचा नंबर वाचता येत नव्हता. वर्ष होत आलं, मामांना आभाळात ड्रोन दिसलेला नव्हता.

ते ऐकायचे. चार पात्यांची ती घुंईं कुठून येते तिकडे तोंड करायचं, कपाळावर हात धरायचा, गुडघ्यात जरा वाकायचं आणि म्हणायचं, "दिसतोय." वर्षभरात एकदाही चुकलं नाही. चुकलं असतं तर बरं झालं असतं.

बायको सरोजा रोज मागे लागायची. "चित्राला सांगा की. उद्या काही जाहलें म्हणजे?"

"सांगतो की," मामा म्हणायचे. सांगितलं की काम गेलं. आणि काम म्हणजे नुसता पगार नव्हता. दोन पोरांची आई झालेली ती शिकली-सवरलेली भाची साऱ्या जगात एकाच माणसाच्या शब्दावर चारशे फुटांवर यंत्र सोडत होती, आणि तो माणूस म्हणजे आपण. त्रेपन्नाव्या वर्षी असं काही हातात आलं की ते सुटत नाही.

२

भोगीच्या पहाटे चेन्नईत घरातलं जुनं जाळतात. फाटक्या चटया, झाडू, गाद्या. अख्खं शहर एकाच वेळी आपली अडगळ पेटवतं, तो धूर थंडीतल्या धुक्याला भेटतो आणि मग सकाळी आठपर्यंत आपलाच हात आपल्याला परका वाटतो. त्या दिवशी तर विमानंही खोळंबली होती. चित्रानं व्हॅन अशी हाकली की सायकलवाले पुढे जात होते.

कारखान्याला पोंगलची सुट्टी होती. एरवी कंपनीच्या बसगाड्यांनी गजबजलेल्या फाटकावर एक पहारेकरी आणि सुरक्षा अधिकारी शेषाद्री, एवढेच उभे होते.

"मॅडम, दहाला पत्रे बदलणारी माणसं येणार," शेषाद्री म्हणाले. "कुठला पत्रा फुटलाय ते त्यांना आधी सांगायला हवं. नाहीतर ती तशीच चढतील. मी थांबवलं तरी मुकादम थांबणार नाही."

"आणि मी धुक्यात उडवणार नाही, सार," चित्रा म्हणाली. "पात्यांवर पाणी बसतं. सेन्सरला धुकं म्हणजे भिंत वाटते, मग तो भलतीकडेच सरकतो. आणि मुख्य म्हणजे मामांना दिसला नाही तर उडवायचाच नाही. विषय संपला."

"आठला विरतं हे धुकं."

"मग आठला बघू."

मामा ऐकत उभे होते. मनातल्या मनात त्यांना जरा मजाच वाटत होती. आज सगळ्यांनाच मोतीबिंदू.

आठ वाजता धुकं थोडं पातळ झालं, असं शेषाद्री म्हणाले. ठरलं असं: चित्रा ऑफिसच्या इमारतीच्या गच्चीवर उभी राहणार. तिसऱ्या मजल्याच्या वरची ती गच्ची, आणि तिचा पूर्वेकडचा कठडा नव्या बांधकामासाठी पाडलेला. तिथे लाल फडकी बांधलेला दोर होता. चित्रानं गच्चीच्या मधोमध खडूनं गोल काढला. उडवताना त्या गोलातून पाय बाहेर टाकायचा नाही, हा तिचा स्वतःचा नियम. मामांनी शेडच्या दुसऱ्या टोकाला पंपघरापाशी उभं राहायचं. दोघांच्या मधे ते अख्खं छप्पर.

"फोन करू नका हं," चित्रा म्हणाली. "फोनच माझा पडदा आहे, कॉल बंद असतात. फक्त वॉकीटॉकी."

३

पंपघराकडे जाताना मामा शेडच्या भिंतीला हात लावून चालले. धुराचा वास, ओलं लोखंड, कुठेतरी लांबवर भोगीचे डफ वाजवणारी पोरं. पंपघर म्हणजे एका खिडकीची खोली. आत दोन पंप, दोन्ही बंद. मामा दाराशी उभे राहिले, वॉकीटॉकी चालू केला, आणि डोक्यावर घुंईं ऐकू आली.

जवळच. शेडच्या कोपऱ्यावर. मामांनी सवयीनं तोंड वर केलं, कपाळाला हात लावला.

"दिसतोय."

यंत्र खरखरलं. मग चित्राचं हसू. "मामा, काय दिसतोय? बॅटरी अजून माझ्या हातात आहे."

मामांनी कपाळावरचा हात खाली घेतला. पण तोंड त्यांच्या आधी धावलं, तोंडाला तीच सवय. "बघत होतो, जागी आहेस का ते."

"बरं. चिमणीचं टोक दिसतं का तिथून? लाल-पांढरं? ते दिसलं तरच मी उडवते."

आत्ताच एक फजिती झाली होती. लगेच दुसरी नको. शिवाय शेषाद्री म्हणालेच होते की पातळ झालंय. चिमणी कुठल्या बाजूला आहे हेही मामांना ठाऊक नव्हतं.

"दिसतं," ते म्हणाले. "रंगसुद्धा."

पाठीमागे पंपघरात कोणीतरी हसल्यासारखं वाटलं. मामांनी वळून पाहिलं. दोन पंप. खिडकीत धुकं.

४

ड्रोन उडाला. त्याचा आवाज मामांना पोटातून ओळखता यायचा. तो गच्चीकडून सुटला, वर चढला आणि छपरावरून सरळ रेघेत यायला लागला. आणि आधीची घुंईं तशीच होती. हलली नव्हती. शेडच्या कोपऱ्यावर, एकाच जागी.

ट्रान्सफॉर्मर असेल, मामांनी ठरवलं. कारखाना बंद असला तरी वीज चालू असणार. जनरेटर असेल. शेजारच्या कारखान्यातही कोणी ड्रोन उडवत असेल. सुट्टीच्या दिवशी, धुक्यात, परवानगीशिवाय. का नाही, मूर्खांची काय कमी.

"दिसतोय," ते म्हणाले. मग पुन्हा. आणि पुन्हा.

छपराची दुसरी रेघ चालू असताना धूर घशात गेला आणि मामांना खोकला आला. चांगलाच. डोळ्यांत पाणी, कंबरेत वाकलेले, बटणावर बोट नाही. वेळ होऊन गेली होती. त्यांनी घाईनं वॉकीटॉकी तोंडाशी नेला.

वॉकीटॉकीतून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"दिसतोय."

"ओके," चित्रा म्हणाली.

मामा हातातल्या यंत्राकडे बघत राहिले. जवळ धरल्यावर त्यांना तेवढं दिसायचं: बोलताना लागतो तो लाल दिवा. तो विझलेला होता.

आपला आवाज असा बाहेरून ऐकला की ओळखू येत नाही म्हणतात. मामांना लगेच ओळखू आला. घसा साफ करण्याची ती अर्धवट खाकर, शब्दाच्या शेवटी जरा वर जाणारा सूर. हेल तंजावरच्या घरगुती मराठीचा. हा हेल श्रीपेरुंबुदूरच्या त्या आवारात दुसऱ्या कोणाकडे असायचं कारण नव्हतं.

त्यांनी खिशातला फोन काढून शेषाद्रींना लावला. "सार, पहारेकऱ्यांकडे वॉकीटॉकी आहेत कां? आमच्याच चॅनलवर?"

"सुट्टी आहे, सगळे कपाटात आहेत. किल्ली माझ्याकडे. का?"

"काही नाही."

"काम झालं का? मुकादमाचा फोन आलाय."

वॉकीटॉकी म्हणाला, "दिसतोय." वेळेवर. मामांपेक्षा वेळेवर.

५

मग धुकं परत दाटलं. मामांना ते दिसलं नाही, पण गालांना कळलं, आणि डफांचा आवाज एकदम कापूस भरल्यासारखा झाला.

"मामा, पडदा पांढरा झाला," चित्राचा आवाज. "काहीच दिसत नाही. मी परत बोलावते. तुम्हाला दिसतोय ना?"

मामांनी बटण दाबलं, पण त्यांच्या आधी कोणीतरी दाबलेलं होतं.

"दिसतोय."

"कुठे आहे?"

"तुझ्याकडंच येतोय."

मामांचं बोट बटणावर पांढरं पडलं. ह्या यंत्रावर एका वेळी एकालाच बोलता येतं. दुसरा बोलत असला की आपलं नुसतं किरकिरतं.

"सिग्नल गेला," चित्रा म्हणाली. तिचा आवाज अजून कामातलाच होता, पण जरा पातळ. "आवाज येतोय मला. जवळच आहे. मामा, माझ्या डावीकडे का?"

"डावीकडं. सर थोडी."

चित्राची डावी बाजू म्हणजे पूर्व. मामांना ते चटकन कळलं नाही. मनात ती गच्ची उभी करावी लागली: जिना इथे, खडूचा गोल इथे, मग डावीकडे काय. डावीकडे लाल फडक्यांचा दोर.

"गोलातून बाहेर यावं लागतंय," चित्रा म्हणाली. "तो पडला तर खाली कोणाच्या डोक्यात जाईल. हातानं धरते. अजून किती, मामा?"

"ये. दिसतोय. अजून ये."

मामा धावत सुटले. शेडच्या भिंतीला एक हात, दुसऱ्या हातात वॉकीटॉकी, बटण दाबून, सोडून, पुन्हा दाबून. मधल्या पाइपाला अडखळून पडले, उठले. आवाज त्यांच्या मुठीतून बोलतच होता, त्यांच्याच मायेनं, ज्या मायेनं ते पोरीला लहानपणी समुद्रात पाय बुडवायला लावायचे. "ये. मी आहे की. ये."

मग एकदा तो श्वास घ्यायला थांबला. घेतो का तो श्वास, कोणास ठाऊक. पण थांबला.

६

"चित्रा, थांब," मामा म्हणाले. "पाय उचलू नक्को. हा मी बोलतोय."

"मामा? तुम्हीच तर—"

"तो मी नव्हे. माझं ऐक. मला दिसत नाही."

खरखर. मामा धापा टाकत होते. एवढी थापांची पोतडी, आणि आता कामाला येईल असं त्यात काहीच नव्हतं. उरलं होतं ते एकच, आणि ते वर्षभर दाबून ठेवलेलं.

"मला ड्रोन दिसत नाही, चित्रा. वर्ष झालं. मोतीबिंदू आहे. कानानं ऐकून सांगत होतो. चिमणीसुद्धा दिसली नव्हती. तुला फसवलें. सरोजाला विचार हवं तर. पण पाय उचलू नक्को."

मग लगेच तो आवाज, खाकरून: "दिसतोय. ये."

मामा ऑफिसच्या इमारतीखाली येऊन पोचले होते. मान वर करून बघत होते, जसं वर्षभर बघायचं नाटक केलं होतं तसं, पण आता जीव डोळ्यांत आणून.

वाऱ्याची एक झुळूक आली आणि धुकं हातभर फाटलं.

गच्चीची कड. कडेवर चित्रा, दोर तिच्या नडगीला लागलेला, हात पुढे पसरलेले. एवढं त्या डाव्या डोळ्यानं दाखवलं. आणि तिच्या समोर, दोराच्या पलीकडे, जिथे पाय ठेवायला काही नव्हतं तिथे, तिच्याच उंचीवर एक माणूस उभा होता. अर्ध्या बाहीचा शर्ट. गुडघ्यात जरा वाकलेला. एक हात तोंडाशी, एक हात कपाळावर.

तो चित्राकडे बघत नव्हता. खाली बघत होता. मामांकडे. शोधून सापडल्यासारखा.

चेहरा मामांना दिसला नाही. चेहऱ्याच्या जागी नुसता डाग होता, आणि तो डाग त्यांच्या स्वतःच्या डोळ्यातला होता.

धुकं मिटलं.

"मामा," वॉकीटॉकीतून चित्रा हळूच म्हणाली, "माझ्या पायाला दोर लागतोय."

"मागं ये. सरळ मागं. जिन्यापर्यंत."

"तुम्ही कुठे आहात?"

"खालीच आहे. तुझ्या खाली."

"मी दिसतेय तुम्हाला?"

"दिसलीस आत्ता."

"आणि दुसरं कोणी?"

मामांनी बटणावर बोट ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना थाप मारायला वेळ लागला.

"नाही," ते म्हणाले. "एकटीच आहेस."

७

ड्रोन खडूच्या गोलात सापडला, ओलाचिंब. कधी उतरला कोणालाच कळलं नाही. त्यातल्या चित्रणात अकरा मिनिटं पांढरंच होतं. शेषाद्रींनी तोंड पाडून फाटकालाच कुलूप घातलं आणि मुकादमाला परत पाठवलं, त्यामुळे त्या दिवशी कोणी छपरावर चढलं नाही आणि कोणी पडलंही नाही.

परतीच्या वाटेवर व्हॅन चित्राच चालवत होती. पूनमल्लीच्या सिग्नलला म्हणाली, "दोन आवाज होते. दोन्ही तुमचेच वाटत होते."

"मग माझा कुठला ते कसं कळलं?"

"तुम्ही आजपर्यंत स्वतःला खोटं पाडणारं एकही वाक्य बोलला नव्हता. म्हटलं, असलं कोणी मुद्दाम रचणार नाही." सिग्नल सुटला. "रेडिओत गडबड असेल, मामा. जुने सेट आहेत. तुमचेच शब्द कुठेतरी अडकून मागाहून येत असतील."

"असेल की," मामा म्हणाले. ड्रोनला बॅटरी अजून लावलीही नव्हती तेव्हाच्या त्या घुंईंबद्दल ते बोलले नाहीत. शब्द मागाहून येतील, पण "सर थोडी" हे त्यांनी वर्षभरात कधी म्हटलेलंच नव्हतं, हेही बोलले नाहीत.

ती रागावली नाही, तेच वाईट. नोंदवहीत तिनं स्वतःची चूक लिहिली: स्पॉटरची नजर तपासली नाही. आणि दुसऱ्याच दिवशी, ऐन पोंगलात, डोळ्यांच्या दवाखान्यात मामांचं नाव घातलं. आधी उजवा डोळा, महिन्यानं डावा. मग परत कामावर. मामांची जागा दुसऱ्या कोणाला द्यायची नाही, असं तिनं सरोजाला सांगितलं. सरोजा रडली.

मामांना नको होतं. का नको, ते सांगता येईना. टपरीवर लोक विचारायचे, भोगीला काय झालं म्हणे. मामा म्हणायचे, काही नाही, धूर होता. चहाचे पैसे स्वतः देऊन निघून यायचे. घरी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरायचे. पंखा बंद करायचे, उकडलं की लावायचे, परत बंद करायचे. गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला गेले नाहीत. धूसर दिसण्यात एक सोय असते, ती त्यांना आत्ता कळत होती: जे दिसलं ते डोळ्याचा दोष म्हणून सोडून देता येतं.

ऑपरेशन पंधरा मिनिटांत झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायला त्यांना खिडकीसमोरच्या खुर्चीत बसवलं. दवाखाना चौथ्या मजल्यावर, आणि खिडकी मोठी आहे असं सरोजा म्हणाली. तिथून समुद्रसुद्धा दिसतो.

नर्सनं चिकटपट्टी सोडवली, कापूस काढला, ओल्या बोळ्यानं पापणी पुसली.

"आता उघडा, सार. समोर खिडकीकडे बघा."

मामांनी दोन्ही डोळे घट्ट मिटून घेतले. गालावर खिडकीचं ऊन लागत होतं. मधेच त्यावरून सावली गेली आणि तिथेच थांबली.

"मामा, उघडा की," चित्रा म्हणाली. "लख्ख दिसेल बघा." आवाज मागून आला. सरोजाचा श्वास डाव्या खांद्याशी. नर्सच्या चपला उजवीकडे, औषधाच्या ट्रेपाशी. खिडकीच्या बाजूला तिघींपैकी कोणीच नव्हतं.

"घाबरू नका," नर्स म्हणाली. "सगळे तुमच्यासाठीच थांबलेत."